यंत्राला रंग दिसत नाही

बाई, अखेर आमच्याकडे इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप आला. तुम्ही फळ्यावर ज्याचं चित्र काढायचात आणि काढून झालं की खडूचे हात झटकत म्हणायचात, "हा आपल्या नाशकात कधी येईल देव जाणे, पण परीक्षेत दर वर्षी येतो," तोच. सातपूरला मी ज्या टेस्टिंग लॅबमध्ये काम करते, तिथल्या मधल्या खोलीत बसलाय. तुम्ही सांगायचात तसा खोलीभर नाही, वॉशिंग मशीनहून थोडा मोठा. पण लाड जावयाचे. त्याला चोवीस तास एसी, बाहेरून ट्रक गेला तरी कापरं भरू नये म्हणून खाली वेगळा चौथरा, आणि खोलीत चपला काढून जायचं. त्याच्या अंगालाच एक दुसरं यंत्र जोडलंय. नमुन्यावर इलेक्ट्रॉन आपटले की त्यातून एक्स-रे निघतात, ते ओळखून हे सांगतं की या कणात लोखंड आहे, त्या कणात कॅल्शियम आहे. क्षणात पडद्यावर रेघांचे उंच उंच सुळके उभे राहतात आणि प्रत्येकाच्या डोक्यावर नाव. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला रडूच आलं. कंपनीचा इंजिनिअर घाबरला, त्याला वाटलं मॅडमना काहीतरी बिघडलेलं दिसलं.

तुम्ही आम्हाला स्पेक्ट्रोस्कोपी शिकवलीत ती गॅसच्या शेगडीवर, हे मी त्याला सांगितलं नाही. सांगून कळलं नसतं. तुमच्या गंगापूर रोडच्या त्या दोन खोल्या, ओट्यावर आमटी उकळतेय, ती उतू जाते आणि ज्योत भसकन पिवळी होते. मी फडकं घेऊन धावते, तर तुम्ही माझा हात धरता आणि म्हणता, अगं, पुसतेस काय, बघ आधी, हे सोडियम. आमटी सांडल्याचं दुःख नाही, सोडियम दिसल्याचा आनंद. मी जर्नल तपासून घ्यायला यायचे आणि जेवूनच परतायचे. वसतिगृहातल्या जेवणाला कंटाळलेली पोरगी, मला सोडियमपेक्षा आमटीची काळजी जास्त होती, हेही खरंच.

तिथेच एकदा मी तुम्हाला कुंकू करताना पाहिलं. दिवाळीची सुट्टी लागायची होती. परातीत हळद, त्यात तुम्ही चुन्याची निवळी थोडी थोडी घालताय, बोटांनी चोळताय, आणि पिवळ्याचं लाल होत चाललंय. मी बावळटासारखी विचारून बसले, "बाई, तुम्ही कशाला करता कुंकू?" आणि लगेच जीभ चावली. तुमचे यजमान जाऊन तेव्हा किती वर्षं झाली होती कोण जाणे, तुमचं कपाळ मी कायम मोकळंच पाहिलेलं. तुम्ही हात न थांबवता म्हणालात, "देवीला लागतं, शेजारणींना लागतं. मी लावत नाही म्हणून मला करता येत नाही, असं थोडंच आहे?" मग चिमूटभर कुंकू बशीत घेऊन त्यावर लिंबाची फोड पिळलीत. लाल होतं ते पुन्हा पिवळं झालं. बाजारच्या कुंकवाचं असं होत नाही, तुम्ही सांगितलंत, त्यात नुसता रंग असतो. हळदीचं अस्सल असेल तर आंबटानं माघारी फिरतं. मी तोंडात बोट घालून बघत राहिले.

आणि तुमचा तो ओरडा. मायक्रोस्कोपच्या पहिल्याच प्रॅक्टिकलला मी डोळा लावला न लावला तोच जाहीर केलं की लोखंडात भेग आहे. तुम्ही वाकून पाहिलंत आणि विचारलंत, रंग कोणता? मला सांगता येईना. मी नाव ठरवून टाकलं होतं, बघितलंच नव्हतं. ती भेग नव्हती, माझ्याच ओढणीचा निळा धागा होता. सगळ्या वर्गासमोर तुम्ही म्हणालात, "आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं पाहायचं वाकून! आधी रंग सांग, मग आकार सांग, नाव सगळ्यात शेवटी. आणि नमुन्याला दोष देण्याआधी स्वतःचे हात बघ." आठवडाभर पोरं मला धागा म्हणून चिडवत होती. मेली चांगली गोष्ट असली तर लक्षात राहायची नाही, ओरडा मात्र जन्मभर पुरला.

माझ्या लग्नात तुम्ही करंडा दिलात. पितळी, छोटासा, वरच्या कप्प्यात तुमच्या हातचं कुंकू आणि खालच्या कप्प्यात मेणाचा गोळा. आधी मेण, त्यावर कुंकू, तुम्ही बजावलंत, नाहीतर दिवसभर नाकावर गळत राहील. मी आपली टिकलीवाली, मला कुठला एवढा वेळ. करंडा कपाटात राहिला. पुढे तुम्ही गेलात, आणि बऱ्याच वर्षांनी आमचे हेही गेले. त्यानंतरही मी काळी टिकली लावते. कोणी काही म्हटलं नाही, आणि म्हटलं असतं तर मी ऐकून घेतलं नसतं. पण कुंकवाला हात लागत नव्हता. का, ते मला विचारू नका, शिकलेल्या बायकांच्याही मनात अशा अडगळीच्या खोल्या असतात.

तर यंदाच्या खंडेनवमीची गोष्ट. कारखान्यात हत्यारांची पूजा, तशी आमच्या लॅबमध्ये यंत्रांची. इंजिनिअरनं आधीच हात जोडून सांगितलं होतं की त्या खोलीत उदबत्ती नको, पाणी नको, नारळ तर नकोच नको. माझ्या हाताखाली काम करणारी मुलगी हुशार आहे, तिनं नारळ पायरीवर फोडायचा ठरवला, झेंडूचा हार दाराला बांधला आणि रविवार कारंजावरून हळदकुंकवाच्या पुड्या आणून थाळी सजवली. थाळी तिनं माझ्यापुढे धरली. मॅडम, तुम्हीच करा, म्हणाली. माझा हात क्षणभर मागे गेला. मला आपल्या कॉलेजची खंडेनवमी दिसत होती. वर्षभर ज्या यंत्रांना तुम्ही पोटच्या पोरासारखं जपलंत, त्यांना कुंकू लावायला प्राचार्यांच्या सौभाग्यवतींना बोलावलेलं, आणि तुम्ही दारातच थांबून म्हणताय, तुमचं चालू द्या, मी बाहेर नारळाचं बघते. तेव्हा आम्ही पोरी पेढ्यांकडे बघत होतो. आज मात्र मला तुमचा तो दारातला चेहरा लख्ख दिसला आणि संताप आला, इतक्या वर्षांनी, बिनकामाचा. मी हळदकुंकू घेतलं आणि चौथऱ्याला, टेबलाला, दाराच्या चौकटीला, सगळीकडे बोटं ओढली. यंत्राला मात्र लांबूनच नमस्कार केला.

त्याच दिवशी पहिलं खरं काम आत गेलं. निफाडकडचे एक गृहस्थ आहेत, अंबडला त्यांचं छोटं वर्कशॉप आहे, द्राक्षबागेत फवारणीला जे ब्लोअर लागतात त्यांचा पंखा फिरवणारे दांडे, म्हणजे शाफ्ट, बनवतात. एक शाफ्ट बागेत चालता चालता तुटला होता. स्टील येतं ते त्यांच्या मेहुण्याकडून, मालेगावहून. गृहस्थांचं ठाम मत की मेहुण्यानं खराब माल दिला. मेहुणा म्हणे, तुमच्या कामात खोट. फोनवर नको नको ते बोलून झालेलं. गृहस्थ नमुना घेऊन आले ते बायकोला बरोबर घेऊनच, म्हणजे निकाल तिच्यासमोर लागावा. ती बिचारी खुर्चीच्या कडेला बसून होती. गृहस्थ तावातावानं सांगत होते, मॅडम, स्टील खराब हाय का माझं काम, येवढंच लिहून द्या, लिहून दिलं की त्याला दाखवतो आन् विषय संपला. कुठला विषय संपणार ते तिला कळत होतं. ते फोन घ्यायला बाहेर गेले तेव्हा ती म्हणाली, "मॅडम, भाऊ माझा फसवनारा नाय. पण तुमचं मशीन बोललं तर मी काय बोलू? यंदा भाऊबीजेला जानं होनार नाय, येवढंच समजायचं."

नव्याचे नऊ दिवस, बाई. एरवी मी तुटलेला तुकडा आधी जुन्या साध्या मायक्रोस्कोपखाली धरते. त्या दिवशी हातमोजे चढवले, तुकड्यावर वाकून तो नीट पारखला आणि थेट नव्या यंत्रात ठेवला. पडद्यावर काय ते दृश्य! तुटलेल्या पोलादाचे डोंगर, दऱ्या, आणि मधोमध एक पांढरा कण झगझगतोय. त्याच्यावर एक्स-रे घेतला तर कॅल्शियमचा सुळका, ऑक्सिजन, थोडं पोटॅशियम. कार्बनही होता, पण कार्बनकडे कोण बघतो, तो सगळीकडेच असतो. माझ्या हाताखालची मुलगी उडीच मारायची बाकी राहिली. मॅडम, स्लॅग! म्हणजे पोलाद ओतताना वर जी मळी तरंगते ती आत अडकलेली, म्हणजे स्टील खराब. ती लिहायलाही बसली. मलाही तेच वाटलं, खोटं कशाला बोलू. काचेतून बाहेर बाकावर बसलेली ती बाई दिसत होती, पण जे दिसतं ते लिहायला नको?

आणि तेवढ्यात तुम्ही विचारलंत, रंग कोणता? मी पडद्याकडे पाहिलं. रंग नव्हताच. तेवढं महागडं यंत्र, केसाच्या हजाराव्या भागाएवढं दाखवतं, पण सगळं काळंपांढरं. इलेक्ट्रॉनला कुठला आलाय रंग. हे तुम्हीच शिकवलं होतंत आणि मी परीक्षेत लिहिलंही होतं. मी तुकडा बाहेर काढला, कोपऱ्यातल्या जुन्या मायक्रोस्कोपखाली ठेवला, दिवा लावला आणि डोळा लावला.

लाल होता, बाई. जरासा विटलेला, पण लाल. पोलादातली मळी अशी लाल नसते, आणि गंजाचा तांबूसपणाही वेगळा. मी सुईच्या टोकानं तो कण उचलून काचपट्टीवर घेतला, पोरांच्या लेमन टीसाठी आणून ठेवलेल्या लिंबाचा एक थेंब सोडला आणि बघत राहिले. कडेकडेनं पिवळा होत गेला. मी मोठ्यानं हसले. ती मुलगी धावत आली, तिला सगळं समजावलं, हळद आणि चुना, चुना म्हणजे कॅल्शियम. तिनं कपाळाला हात लावला आणि थाळीला दोष देऊन मोकळी झाली, पूजेचं कुंकू उडालं असणार म्हणून. मी मान डोलावली.

मग सगळं पहिल्यापासून, तुमच्या पद्धतीनं केलं. तुकडा साफ केला, आधी कमी पटीनं मोठा करून पाहिला. शाफ्टवर पंखा पक्का बसावा म्हणून जी खाच कापतात, तिचा आतला कोपरा गोल करायचा तो धारदार राहिला होता. तिथून तडा सुरू झाला आणि रोज थोडा थोडा पुढे सरकला, त्याच्या रेषा झाडाच्या वलयांसारख्या स्पष्ट उमटल्या होत्या. पोलाद स्वच्छ होतं, नव्या यंत्रानंच मग ते चारी बाजूंनी दाखवून दिलं. यंत्राला मी नावं ठेवत नाहीये हं, ते खोटं बोललं नाही, त्यानं कॅल्शियम सांगितलं आणि कॅल्शियम होतं. गृहस्थांना पडद्यावर तो कोपरा दाखवला तेव्हा त्यांनी खुर्ची पुढे ओढून तो पुन्हा पाहिला. मग बायकोकडे न बघता म्हणाले, "म्हंजी माझंच काम." तिनं पदर तोंडाला लावला, हसू होतं की रडू, मला ठरवता आलं नाही. बाकीचे शाफ्ट बागाबागांतून परत आणून कोपरे गोल करून देतो, असं ते जाताना सांगून गेले, आणि जिन्यातूनच मेहुण्याला फोन लावला. दिवाळीनंतर ती एकटी लॅबवर आली, डबाभर करंज्या घेऊन. भावाकडच्या आहेत, म्हणाली. खुसखुशीत होत्या. तुम्हाला आवडल्या असत्या, मात्र तुम्ही सारणात जायफळ कमी आहे म्हणाला असतात.

हे पत्र कुठल्या पेटीत टाकायचं, बाई? घडी घालून करंड्याशेजारी ठेवून देईन. पण त्याआधी एक सांगते, जे मी त्या मुलीलाही सांगितलेलं नाही. थाळीतलं कुंकू बाजारचं होतं. सगळे गेल्यावर मी त्याच्यावर लिंबू पिळून पाहिलं, ते लालच राहिलं. माघारी फिरणारं कुंकू त्या दिवशी अख्ख्या इमारतीत एकाच ठिकाणी होतं. पूजा झाल्यावर माझी बोटं कुंकवानं माखलेली होती, ती धुवायला मी आत गेले. धुतली. आणि मग पर्समधून तुमचा करंडा काढला. सकाळी तो पर्समध्ये का टाकला होता, ते मला घरून निघतानाच ठाऊक होतं. आरशात बघून टिकलीच्या वर चिमूटभर लावलं, तुमच्या नावानं आणि माझ्याही. छान दिसत होतं. तशीच येऊन त्या तुकड्यावर वाकले. मेण तेवढं लावायचं विसरले, बाई.