कस्तुराचं वजन

सोलापूर,
दि. ९ एप्रिल १९८७

ति. महारुद्रअण्णांना,
व्यंकटचा नमस्कार. वहिनी आणि मुलं खुशाल असतील. मुरुमला टँकर वेळेवर येतो का? आमच्या ढोकीत दोन दिवसांआड येतो. पाण्यावाचून ऊस वाळला, म्हणून कारखान्याचं गाळप यंदा लवकर आटोपलं. सोलापुरात थोडं काम निघालं, म्हणून पत्र इथून टाकतोय.

तीन वर्षांनी लिहितोय. तुम्ही शब्द टाकून लावलेली फिटरची नोकरी मी सोडली, तेव्हा "खेळण्यांवर संसार करणार व्हय?" म्हणालात आणि आमचा उंबरा चढायचं बंद केलंत. तेव्हा मला नीट बोलता आलं नाही. अण्णा, कुर्डुवाडीच्या भंगारात मी पहिल्यांदा वजनाचं यंत्र पाहिलं, नाणं टाकलं की दिवे फिरतात आणि वजन छापलेलं तिकीट पडतं ते. मागचं झाकण काढून आतली चाकं पाहिली आणि जेवायचं विसरलो. माणसाच्या हातानं हे घडलंय यावर विश्वास बसेना. मग खटक्यानं लोखंडी गोळ्या उडवायचं खेळाचं टेबल आणलं, मग मुंबईहून व्हिडिओ गेमचं जळकं कपाट. घरात पाय ठेवायला जागा उरली नाही. तुमच्या बहिणीनं, कस्तुरानं, चूल अंगणात नेली, पण यंत्रं बाहेर काढा असं एकदाही म्हणाली नाही.

ते कपाट जिवंत करायला आठ महिने लागले. एका दुपारी काळ्या काचेत हिरवं टिंब उजळलं. मी दांडी डावीकडं केली, टिंब डावीकडं गेलं. ग्रामपंचायतीच्या टीव्हीतली माणसं आपलं कुठं ऐकतात? हे ऐकत होतं. कस्तुरा तोंडाला पदर लावून म्हणाली, "अगं बाई, ह्ये तर हाक मारल्यावानी येतंय!" दोघं वेड्यासारखे तासभर त्या टिंबाला इकडून तिकडं फिरवत होतो.

पुढं कारखान्याच्या फाटकासमोर पत्र्याचं शेड टाकलं. ऊस उतरवायचा नंबर लागेपर्यंत गाडीवान, ट्रॅक्टरवाले, ऊसतोडीच्या बाया, सगळे माझ्याकडं. जत्रांतही यंत्रं नेतो. घर चालतं. हे तुम्हाला फुशारकीनं कळवायचं फार मनात होतं.

आता खरं लिहितो. कस्तुरा इथल्या दवाखान्यात आहे. छातीचा फोटो काढला, क्षय निघाला. डॉक्टर म्हणतात औषधानं बरी होईल, पण फार उशिरा आणलीत.

उशीर कसा झाला ते ऐका. वजनाचं यंत्र आणलं तेव्हा माझ्याकडं प्रमाण वजनं नव्हती. किराणा दुकानाच्या मोठ्या काट्यावर कस्तुराला उभं केलं, सेहेचाळीस किलो भरली. तिच्यावरच यंत्र लावून घेतलं. तेव्हापासून माझं वजनमाप म्हणजे तुमची बहीण. दिवाळीनंतर यंत्र त्रेचाळीस दाखवायला लागलं. संक्रांतीला चाळीस. ती तिकिटं मीच बघितली, तिला दाखवली नाहीत. तिला खोकला होता, पण कारखान्याच्या धुरानं कोण खोकत नाही? मला वाटलं, स्प्रिंग थकली. मी आतला स्क्रू पिळला आणि तिकिटावर पुन्हा सेहेचाळीस आणले. शीळ वाजवत आणले, अण्णा. तेच तिकीट तिला दाखवलं आणि यंत्र बरोबर झालं म्हणून पुन्हा तिचं वजन घेतलं नाही.

त्यानंतर सगळ्या गिऱ्हाइकांचं वजन सहा किलोनं जास्त यायला लागलं आणि कुणीही तक्रार केली नाही. या दुष्काळात अंगावर मांस चढलेलं कुणाला नको आहे? तोडीच्या बाया तिकिटं एकमेकींना दाखवून हसायच्या. गेल्या आठवड्यात कारखान्याच्या काट्यावरचा पिराजी गंमत म्हणून वीस-वीस किलोची प्रमाण वजनं घेऊन आला. दोन ठेवली, तिकीट आलं सेहेचाळीसचं. पिराजी म्हणाला, "गड्या, चाळीसला सेहेचाळीस? स्क्रू कुणी पिळला?" मी स्क्रू होता तसा केला, तेव्हा बरोबर चाळीस आले. स्प्रिंगला काही झालंच नव्हतं. मग कस्तुराला हाक मारली. ती हात पुसत आली आणि यंत्रावर उभी राहिली. छत्तीस. त्याच दुपारच्या एसटीनं तिला इथं आणलं.

काल तिला विचारलं, इतका अशक्तपणा होता तर बोलली का नाहीस? म्हणाली, "बांगड्या कोपरापत्तूर जायच्या, घागर उचलत नव्हती. पर संक्रांतीला यंत्र सेहेचाळीस म्हनालं व्हतं. तुमच्या हातचं यंत्र, खोटं कसं सांगंल? म्हनून म्या अंगाचं ऐकलंच न्हाय."

एवढा विश्वास मी देवावरही टाकलेला नाही. तिच्यासमोर बसवेना, म्हणून व्हरांड्यात येऊन हे लिहितोय.

स्क्रू मी पिळला होता हे तिला अजून माहीत नाही. छत्तीस भरली त्या दुपारी मी तिला फक्त "स्प्रिंग बिघडली होती" एवढंच सांगितलं. अण्णा, नोकरीवरचा राग नंतर काढा, चार माणसांत काढा. पण या. सकाळच्या गाडीनं निघालात तर दुपारी पोचाल. तुम्ही तिच्या उशाशी बसा, तिचा हात धरा. मग मी तिला सांगतो.

तोवर तिच्याकडून "तुमच्या हातचं यंत्र" ऐकत बसलेला,
व्यंकट