सोन्याच्या टोकाची केबल आणि धाकट्याचा हिस्सा

मी, खाली सही करणारा, वय एकाहत्तर, धंदा टीव्ही आणि साउंड सिस्टीमची दुरुस्ती, हे इच्छापत्र राजीखुशीने लिहून ठेवतो. डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. हृदयाबद्दल त्यांनी काही लिहून दिले नाही, नुसती मान हलवली. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. याआधीची दोन मृत्युपत्रे रद्द समजावीत. दोन्ही रागाच्या भरात लिहिली होती.

१. राहत्या दोन खोल्या आणि बँकेतली ठेव माझ्या एकुलत्या एक मुलीला. आईच्या आजारपणात तिने नोकरी सोडली, तेव्हा मी "बरं केलंस" एवढेही म्हणालो नाही. मोरीतला नळ गळतो. दोन वर्षे आज करू उद्या करू चालले आहे, तेवढे तिने बघावे.

२. मल्टिमीटर, सोल्डर गन आणि बाकीची हत्यारे पलीकडच्या गल्लीतल्या मोबाइल दुरुस्तीवालीला. तिचा हात थरथरत नाही.

३. दुकानातला माझा अर्धा हिस्सा माझ्या धाकट्या भावाला. अर्धा त्याचा आहेच. मुलीने विचारले, "बाबा, अकरा वर्षं ज्याचं तोंड पाहिलं नाहीत, त्याला?" तिला आणि पुढे कोणी हरकत घेतलीच तर त्यालाही, कारण कळावे म्हणून लिहितो.

धाकटा पुढे गल्ल्यावर बसे, मी पडद्यामागे दुरुस्तीच्या टेबलावर. मग त्या महागड्या केबली आल्या. टोकांना सोन्याचा मुलामा, अंगावर विणलेले कापड, डबी दागिन्याची असावी तशी. धाकटा गिऱ्हाइकाला सांगे, "हिच्यातून आवाज खुलतो." मी मीटर लावून पाहिले होते. साधीपेक्षा काडीचाही फरक नव्हता.

एकदा एक निवृत्त मास्तरीणबाई आल्या. टीव्हीवरच्या बातम्या नीट ऐकू येत नाहीत, म्हणाल्या. धाकट्याने त्यांना सगळ्यात महाग केबल दिली. मी आतून सगळे ऐकले आणि गप्प बसलो. आठवड्याने बाई परत आल्या. "माझंच जोडताना काहीतरी चुकत असेल," म्हणाल्या. पुन्हा आल्या तेव्हा धाकटा बाहेर गेला होता. मी सांगितले, "बाई, केबलचा काही संबंध नाही. एकदा कान तपासून घ्या."

त्या म्हणाल्या, "त्या दिवशी तुम्ही आत होतात. पडद्याखालून तुमचे पाय दिसत होते."

ती शरम मला पचली नाही. ती मी धाकट्यावर काढली. दुसऱ्याच दिवशी, दुकान भरलेले असताना, गाणे लावून साउंड सिस्टीमवर चादर टाकली आणि त्याला म्हणालो, "मी मागून केबल बदलतो. महाग कोणती, साधी कोणती, ओळख." दहातली चार त्याने ओळखली. एकदा तर मी केबलला हात न लावता नुसती चादर हलवली. तो म्हणाला, "आता बघा, आवाज कसा खुलला!" दुकान हसून हसून लोटपोट झाले. मीही हसलो.

"दादा, हे घरात बोलायचं होतं," एवढेच तो म्हणाला. चपला घातल्या आणि गेला. दुकानाच्या कागदांवर सहीपुरतासुद्धा परत आला नाही.

पुढच्यांसाठी माझे मत लिहून ठेवतो. टीव्हीपासून दोन हातांवरच्या सेट-टॉप डब्याला जी केबल पोहोचते आणि टोकाला घट्ट बसते, ती पुरे. पंधरा-वीस मीटर न्यायची असेल तर मात्र चार पैसे जास्त घालावेत. तिथे स्वस्तातली दगा देते. एवढी साधी गोष्ट. ती सांगायला मला कोणाचा पाणउतारा करायची गरज नव्हती.

हा मजकूर मुलीने परवा धाकट्याला फोनवर वाचून दाखवला. मग फोन माझ्या कानाला लावला.

"दादा, मला खरंच फरक ऐकू यायचा रे."

"माहीत आहे मला. तुझ्या घरीही तू तीच लावली होतीस."

"मग हे तेव्हा चारचौघांत का नाही सांगितलंस?"

मी फोन मुलीकडे दिला आणि हा कागद पुन्हा पुढे ओढला. खूप थकलो आहे, पण एवढे करायचे राहिले होते.

४. म्हणून दोन साक्षीदारांसमोर, पूर्ण शुद्धीत लिहून देतो: माझ्या भावाने कोणाला फसवले नाही. त्याला जे ऐकू येत होते तेच त्याने सांगितले. खरे काय ते मला माहीत होते आणि मी पडद्यामागे बसून राहिलो. हे कलम सही करण्यापूर्वी मोठ्याने वाचावे. दुकानाचे दार उघडे ठेवून.

वरीलप्रमाणे वाचले. नंतर मी सही केली, आणि माझ्यासमोर साक्षीदारांनी.

सही: (दुकानाचा थोरला मालक)

साक्षीदार १: शेजारचा शिंपी. त्या दिवशी दुकानात हजर होतो. मीही हसलो होतो.

साक्षीदार २: समोरच्या औषधाच्या दुकानातल्या बाई. रस्त्यापलीकडून स्पष्ट ऐकू आले, मग सहीला इकडे आले.

ठिकाण: दुकान, पुढची बाजू
दिनांक: ९ नोव्हेंबर, सकाळी अकरा