आठव्या डावातल्या उड्या

प्रिय आई,

बेसबॉलच्या मैदानातला वरचा सज्जा रविवारच्या सामन्याला उघडाच राहणार आहे. देखभालीच्या बेक साहेबांनी आज चांगहोला तसं पक्कं सांगितलं. तुझा जावई नीट जेवत नाहीये, बाकी आम्ही मजेत आहोत.

सज्ज्याखालच्या तुळईला तडा गेलाय. तो वाढतो का ते कळावं म्हणून चांगहोने त्यावर प्लास्टरची पट्टी बसवली होती. काल ती तुटली.

साहेब म्हणाले, "लोक बसून राहिले तर काही होत नाही रे. भोंग्यावरून सांगू."

"साहेब, आठव्या डावात ढोल वाजल्यावर या शहरात कोण बसून राहतं? पहिली उडी आमच्या सासरेबुवांचीच असते!"

साहेब हसले. चांगहो नाही हसला.

बाबांचं तिकीट त्याच सज्ज्याचं आहे. फोन तेच उचलतात, आणि खरं कळलं तर तडा बघायला चार मित्र घेऊन येतील. म्हणून ही चिठ्ठी बोटीवरच्या ताल्सूमामांकडे देतेय. पाठ धरलीय म्हण, चक्कर येतेय म्हण, पण त्यांना घरीच ठेव.

वाळवलेला माकूळ पोचला, छान होता. तुझी किमची मुरली का? गुडघा कसा आहे?

मी दर वेळेसारखी किमबापचे भाताचे रोल विकायला असेन, पण फाटकाबाहेर. रविवारी आठव्या डावात ढोल वाजतील, तेव्हा चांगहो विजेरी घेऊन त्या तुळईखाली उभा असेल. साहेबांनी त्याला तिथेच नेमलंय.

तुझीच,
मीसुन