अमोस प्रुएटचं चुकलेलं उत्तर

१४ मे, शिकागो

बावीस वर्षांचा मुलगा म्हातारा! सकाळपासून हे वाक्य निरनिराळ्या तोंडांतून ऐकलं, आणि त्यातलं एकही तोंड साठीच्या आतलं नव्हतं.

दरवर्षीप्रमाणे कॉलेजांतली निवडक मुलं इथे आणून ओळीत उभी केली आहेत. व्यावसायिक बास्केटबॉल संघांचे पारखी खुर्च्या टाकून बसले आहेत. दीड महिन्याने ड्राफ्ट – तेव्हा हे संघ आळीपाळीने एकेक मुलगा उचलणार. त्याआधीचा हा बघण्याचा कार्यक्रम. अनवाणी उंची. हात वर केल्यावर किती. पंजा पसरल्यावर किती. उडी किती. माझ्या मावशीला बघायला आलेल्यांनी ‘जरा चालून दाखव’ म्हटलं होतं, ते ती पुढची साठ वर्षं सगळ्यांना ऐकवत होती. या पोरांना कोण ऐकून घेणार?

माझं लक्ष अमोस प्रुएटवर. आमच्या पेपरच्या टापूतला, हार्लन स्टेट कॉलेजचा, दक्षिण इंडियानाच्या गोठ्यात वाढलेला. त्याने दोन्ही हात पसरले तेव्हा मोजणाऱ्याने पट्टी मागे घेऊन पुन्हा मोजलं. शेजारी वेंडल ऑस्टर बसला होता – एका संघाचा जुना पारखी. मी संस्कृतात एम. ए. आहे हे त्याला एकदा सांगून बसले, तेव्हापासून मला प्रोफेसरबाई म्हणतो. त्याला म्हटलं, आमच्याकडे असल्या हातांच्या माणसाला आजानुबाहू म्हणतात आणि देवळात बसवतात.

“हात झकास आहेत, प्रोफेसरबाई. पण वय बघा ना. चारी वर्षं कॉलेज केलंय पोराने.”

कॉलेज पूर्ण केलं, हा दोष! पहिल्याच वर्षी पुस्तकं टाकून पळाला असता तर ‘होतकरू’ ठरला असता.

१५ मे, शिकागो

संतापाने जेवण गेलं नाही.

आज मुलाखती. बंद खोली, एका बाजूला मुलगा, दुसऱ्या बाजूला संघाची माणसं. घरच्यांना, एजंटला, आम्हा पेपरवाल्यांना मज्जाव. आत काय झालं ते वेंडलने डुकराच्या मांसाचं ते ताटाएवढं सँडविच खाता खाता सांगितलं.

एक प्रश्न दरवर्षी ठरलेला: बास्केटबॉल नसतं तर काय केलं असतंस? उत्तरही ठरलेलं: ‘बास्केटबॉल नसतं ही कल्पनाच करवत नाही, सर.’ मुलं हे मंगलाष्टकांसारखं पाठ करून येतात. अमोस म्हणाला, गुरांचा डॉक्टर झालो असतो. इथवरही चाललं असतं. पण मग तो म्हणे खुलला. आडवं आलेलं वासरू कसं सरळ करतात, तिथे लांब हाताचा काय उपयोग, खांद्यापर्यंत हात आत गेल्यावर बोटांना आधी काय लागतं – खुर्चीवरून उठून करून दाखवलं! संघाचे साहेब नुकतेच जेवून आले होते.

“अख्ख्या वर्षात पहिल्यांदा त्या पोराला हसताना पाहिला,” वेंडल म्हणाला. “तिथेच तर घोटाळा झाला.”

आणि नावापुढे शेरा: खेळावर प्रेम नाही.

गायीवर प्रेम आहे, म्हणून खेळावर नाही! आमच्या गुरुजींनी असलं अनुमान करणाऱ्याला वर्गाबाहेर उभं केलं असतं. डोंगरावर धूर दिसतो म्हणून तिथे आग आहे, हे ठीक. पण डोंगरावर गाय दिसते म्हणून तिथे आग नाही? मी म्हटलं, वेंडल, तुझं या सँडविचवर प्रेम आहे, म्हणून बायकोवर नाही असं म्हणू का?

“बायकोला विचारा. ती तेच म्हणते.”

१६ मे

घरी पोचले. वेंडलच्या बायकोचं म्हणणं बाजूला ठेवलं तरी माझा मुद्दा खरा आहे.

१९ मे

प्रुएटांच्या शेतावर जाऊन आले. अमोसची आई अर्लीन दारातच उभी – सहा फुटांची, पाठ ताठ, हस्तांदोलन असं की दुपारपर्यंत पेन धरवेना. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली. शाळेच्या संघात ती स्वतः खेळायची. तिच्या संघाने राज्याची स्पर्धा जिंकली ते वर्ष गावाच्या वेशीवरच्या पाटीवर अजून रंगवलेलं आहे.

पुढे? मी विचारलं.

“पुढे काही नव्हतंच, बाई. आमच्या वेळी मुलींचा शाळेनंतर रस्ता संपायचा. बूट कपाटात ठेवले आणि गायी घेतल्या.”

आवाजात तक्रार नाही. हवामान सांगावं तसं सांगितलं. अमोसला चेंडू तिने धरायला शिकवला. थंडीत कोठाराच्या भिंतीवरच्या रिंगखालचा बर्फ ती फावड्याने काढायची आणि हा नेम धरायचा. त्याचा एकही सामना तिने चुकवलेला नाही. सरावसुद्धा नाही! बाहेरच्या माणसांना सराव बघायला मनाई आहे, पण कोचची तिला बाहेरची म्हणायची छाती नाही. साखर-सायीचा ‘पाय’ (ही इथली भट्टीतली गोड पोळी) कापता कापता तिने विचारलं, शिकागोत मुलाखत कशी झाली? पोरगं काही बोलत नाही. मी म्हटलं, झाली म्हणतात बरी. पेपरात वाचेलच, आत्ताच कशाला.

अमोस गोठ्यात होता. खेळाबद्दल विचारलं की ‘बरं चाललंय, मॅडम’ – संपलं. गायीबद्दल विचारलं की अर्धा तास. शेवटी त्यानेच विचारलं, पारखी काय म्हणतात? खोटं कशाला सांगू? म्हटलं, पहिल्या फेरीत कठीण दिसतं. कदाचित नाव येणारच नाही.

चेहऱ्यावरची रेघ हलली नाही! मान डोलावली, आणि मलाच म्हणाला, ‘पाय’ आणखी घेऊन जा, आई दोन करते. केवढा धीर या मुलाचा. गाडीत बसले तेव्हा त्याच्या वाटचा राग मलाच आला होता.

२३ मे

लेख छापून आला. ‘गायीवर प्रेम करण्याचा गुन्हा’. मुलाखतीचा सगळा किस्सा घातला, वासरासकट. संपादकांनी ‘आजानुबाहू’ कापला – म्हणे इंडियानात हा शब्द कुणी उच्चारू शकणार नाही. (मी मनात म्हटलं, तुमच्याकडून तरी अपेक्षा कुठे होती.) बाकी जसंच्या तसं. जो मुलगा खोलीत एकटाच खरं बोलला त्यालाच नापास करायचं, तर परीक्षा कुणाची होती – असा शेवट केला. चांगला झालाय. स्वतःच्या लेखाला चांगला म्हणू नये. पण इथे कोण वाचतंय.

वेंडलचा फोन: “माझं नाव घातलं नाहीत, उपकार झाले. साहेब अर्धा तास गुरगुरत होते. मग म्हणाले, त्या गोठेवाल्या पोराच्या सामन्यांच्या चित्रफिती काढा बघू.”

लगेच अर्लीनचा. आधी खूप हसली – बापाचंच वेड आहे ते, तोही गायीशी माणसासारखा बोलायचा. मग: “काळजी करू नका, बाई. मी बोलते त्याच्याशी.”

३१ मे

मी लिहिलं काय आणि घडलं काय!

अर्लीनने बोलावलं म्हणून गेले, तर स्वयंपाकघरात एजंट. तलम शर्ट, पॉलिश केलेले बूट, बुटांना शेण. टेबलाशी अमोसला बसवून उत्तरं पाठ करून घेणं चाललेलं. एजंट विचारणार, अमोस म्हणणार, चुकलं की अर्लीन चुलीपाशी उभी राहून दुरुस्त करणार. लहानपणी मी देवः देवौ देवाः घोकायची तीच चाल. फरक एवढाच, की त्या रूपांना निदान अर्थ होता.

“बास्केटबॉल नसतं तर?”

“कल्पनाच करवत नाही, सर.”

“डोळ्यांत बघून म्हण, राजा,” एजंट म्हणाला. “टेबलाला नको सांगूस.”

मी मध्ये पडले. म्हटलं, त्याच्या खऱ्या उत्तरासाठी मी अख्ख्या राज्याशी भांडले, आणि तुम्ही त्याला खोटं शिकवता? अर्लीन शांतपणे म्हणाली, “तुम्ही भांडलात म्हणून तर मला कळलं, बाई. नाहीतर हा गायींच्या गोष्टी सांगत घरी बसला असता.” एजंट हसला. त्याला मी काय वाटले असेन ते मला ठाऊक आहे; मला तो काय वाटला ते त्याला ठाऊक नसावं अशी आशा.

निघताना अमोस दारापर्यंत आला. म्हणाला, “तुमचा लेख आईने फ्रीजवर लावलाय, मॅडम.” मी म्हटलं, मग चांगलं झालं की. तो म्हणाला, “हो.”

८ जून

वेंडल त्याच्या साहेबांना घेऊन आला. कॉलेजच्या रिकाम्या मैदानावर खास चाचणी. गॅलरीत पहिल्या ओळीत अर्लीन, पर्स मांडीवर, सामना असो नसो तशीच बसते. कोच चार-पाच दांडगी मुलं घेऊन अमोसच्या अंगावर गेला.

काय खेळला! या खेळावर मी इतकी वर्षं लिहिते आहे, आणि तरी काही वेळा हातातली पेन्सिल खाली राहते. चेंडू त्याच्या हातात येण्याआधी तो पुढे कुठे जाणार हे त्याला माहीत असतं. धक्का बसला तर पडत नाही, देत नाही, बाजूला होतो. मध्ये एकदा चुकला, तर मान वळवून गॅलरीकडे पाहिलं. अर्लीनने फक्त हनुवटी उचलली. पुढचे सगळे नेम आत.

मग तिथेच, मैदानाच्या कडेला दोन खुर्च्या. साहेबांनी विचारलं, काय रे, अजून गायी का?

अमोसने वर पहिल्या ओळीकडे पाहिलं. “बास्केटबॉल नसतं ही कल्पनाच करवत नाही, सर.”

साहेब खूश. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. वेंडलला म्हटलं, तो खोटं बोलला.

“सगळेच बोलतात, प्रोफेसरबाई. हा बोलत नव्हता, तीच तर अडचण होती.”

एवढ्या मोठ्या माणसांनी एवढ्या मोठ्या मुलाला विचारायचं, आणि हवं ते उत्तर आलं की ‘आता कसा तयार झाला’ म्हणायचं! याला हे लोक पारख म्हणतात. बाजारात वांगं घेतानाही माणूस याहून प्रामाणिक असतो – निदान वांग्याला तो बोलायला लावत नाही.

१५ जून

माझी अंदाजयादी छापली. अमोस पहिल्या फेरीत. राजधानीतल्या पेपरवाल्याने लिहिलं – ‘बाईंचं गावप्रेम.’ असू दे. गायीवर झालं, आता गावावर.

२६ जून

काल ड्राफ्ट. न्याय झाला!

शाळेच्या मैदानात पडदा लावला होता, गाव लोटलं होतं. पहिली फेरी संपत आली तरी नाव नाही. मी मनातल्या मनात उद्याचा लेख लिहायला घेतला होता, आणि तो लेख छापण्यासारखा नव्हता. तेवढ्यात वेंडलच्या संघाची पाळी. अमोस प्रुएट, हार्लन स्टेट!

गाव उठून नाचलं. अर्लीन उठली नाही. दोन्ही तळवे गुडघ्यांवर ठेवून पडद्याकडे बघत राहिली, मग खांदे हलायला लागले. अमोसने वाकून तिला उचललंच – तिला, सहा फुटांच्या बाईला! ती त्याच्या खांद्यात तोंड घालून काहीतरी म्हणत होती. मला एवढंच ऐकू आलं: “पोचलो रे आपण. पोचलो.”

मग माझा नंबर. बरगड्या अजून दुखतात. वेंडलचा निरोप आला: तुमचा लेख नसता तर साहेबांनी याला पुन्हा बघितलाच नसता.

इतकी वर्षं या लोकांशी भांडते आहे. एकदा तरी जिंकले.

२८ जून

अमोस कचेरीत आला होता. आईने तो साखर-सायीचा ‘पाय’ पाठवला होता, आणि आभार मानून ये म्हणून सांगितलं होतं. माझ्या टेबलासमोरची खुर्ची त्याला पुरेना, म्हणून खिडकीच्या कठड्यावर बसला. आभार मानले. मी म्हटलं, आता खूश ना? तर म्हणाला, गुरांच्या डॉक्टरकीला त्याला प्रवेश मिळाला होता. एप्रिलातच. आईला सांगितलेलं नव्हतं. ड्राफ्टमध्ये कुणीच घेतलं नसतं तर सांगायचं ठरवलं होतं. म्हणजे नकार संघांचा असता, तिला काही म्हणता आलं नसतं आणि त्याचाही दोष नसता. काल त्या कॉलेजला नाही म्हणून कळवलं.

विचारलं, मग एवढं चांगलं खेळायचं कशाला?

“मला वाईट खेळता येत नाही, मॅडम. आई बघत असते.”

पायाचं भांडं टेबलाच्या कडेला होतं, ते त्याने एका बोटाने आत सरकवलं.

“शिकागोच्या त्या खोलीत ती नव्हती.”