मांचेस्टरचं बारसं

१२ ऑक्टोबर १९३०, अकोला

आशा माझ्याशी बोलत नाही. काल शनिवारी भगिनी मंडळात माझ्या मांचेस्टरवरच्या पुस्तकाचं पहिलं प्रकरण वाचलं आणि ती मधूनच उठली. दारात चपला घालता घालता म्हणाली, "आमी विलायती कापड जाळून राहिलो, अन् हे बाई मांचेस्टरचं बारसं करून राहिली." बाया हसल्या. मीही हसले – आणि लगेच वाटलं, हसायला नको होतं.

त्या प्रकरणात गिरण्या नाहीतच. दोन नद्यांच्या संगमाजवळची रोमन शिपायांची छावणी, तिच्या आडोशानं वसलेली चार घरं. शिपाई निघून गेले, गाव राहिलं. एवढंच. ते वाचताना मला फार बरं वाटत होतं.

१३ ऑक्टोबर

हे जेवताना म्हणाले, "दुसरं गाव धर. काशी घे. कोणी भांडणार नाही."

यांना कसं सांगू? अमरावतीला बाबांच्या गाड्या कापूस घेऊन बाजाराला निघत. तेव्हा शेजारी राहणारी आशा आणि मी वर कापसात रुतून बसायचो. कापूस कुठं जातो विचारलं की बाबा म्हणत, मांचेस्टराला. आम्हाला वाटे, बडनेऱ्याच्या पुढचंच गाव असेल. बाबा एकदा नेतील. पुढे कळलं की आपल्या कापसाला तिकडच्या बाजारात 'उमरा' म्हणतात – आपल्या उमरावतीवरून. ज्या गावानं माझ्या गावाचं नाव घोकलं ते कसं असेल, एवढंच मला बघायचं आहे. जाता येत नाही म्हणून लिहिते.

आशाला हे कळायला हवं. गाडीत तीही होतीच.

१८ ऑक्टोबर

दुसरं प्रकरण. देवळासमोरचा आठवडी बाजार, लोकर, समुद्रापलीकडून आलेले विणकर. बायांना बाजार आवडला. "म्हणजे आपल्यासारखंच की," असं दोघी-तिघी म्हणाल्या. आशाची जागा रिकामी.

नंतर अध्यक्षीण माणिकबाईंनी बाजूला घेतलं. आशानं सांगितलंय – एक तर वाचन, नाही तर मी. माणिकबाई हळूच म्हणाल्या, "तुम्हीच थांबवा म्हणजे मंडळावर वाईटपणा नको. ती दहीहंड्याच्या सत्याग्रहात मीठ करून आलेली. तिला कोण नाही म्हणणार?"

खरं आहे. चैत्रात ती खाऱ्या विहिरीचं पाणी उकळत बसली होती. हात भाजले तेव्हा कोरफड मीच लावली. माझ्या दोन्ही बाळंतपणांत उशाशी ती होती. मंडळाचं सोडा. मी तिला काय म्हणून नाही म्हणू?

पण पुस्तकही सोडवत नाही.

२१ ऑक्टोबर

दिवाळी. आशाकडे फराळाचं ताट पाठवलं. ताट परत आलं – धुऊन, पुसून, रिकामं. कुणी एवढं तुटत नाही. निदान चिमूटभर साखर तरी घालतात.

२६ ऑक्टोबर

काल वाचन घेतलं नाही. घसा बसल्याचं सांगितलं. माणिकबाईंचा जीव भांड्यात पडला.

घरी मात्र लिहीतच राहिले. गावाजवळून कालवा निघाला, कोळसा स्वस्त झाला, गिरण्या उभ्या राहिल्या, आगगाडी आली – आणि एवढं मोठं शहर झालं तरी विलायतेच्या पार्लमेंटात त्याचा एकही माणूस नाही! कितीतरी वर्षं सरकारच्या लेखी ते खेडंच. हे आशाला सांगावंसं वाटलं. चपला घालून फाटकापर्यंत गेले. परत आले.

३ नोव्हेंबर

जानरावांच्या वावरात सीतादही. जानराव म्हणजे ह्यांचे चुलतभाऊ. पऱ्हाटी छान फुटली आहे. वेचणीआधी सात खडे मांडून हळदकुंकू वाहिलं, पहिला कापूस वाहिला, दहीभाताचा नैवेद्य दाखवला. मग वेचणाऱ्या बाया पंगतीला बसल्या.

तेवढ्यात टोपली घेऊन आशा आली! टकळीसाठी पहिल्या वेच्याचा स्वच्छ कापूस ती दरवर्षी इथूनच नेते; माझ्या ध्यानातच नव्हतं. मला बघून वळली. पण सीतादहीला आलेलं माणूस न जेवता जात नाही. जागा माझ्या शेजारीच होती. बसली. पानाकडे बघत जेवू लागली.

वेचणाऱ्यांची म्होरकी मैनाबाई. तिला काय ठाऊक! म्हणाली, "बाई, थे तुमचं कापडाच्या गावाचं पुस्तक झालं काय?"

आता गप्प तरी कसं बसायचं. सांगितलं – सत्तर वर्षांमागं अमेरिकेत लढाई लागली, तिथला कापूस अडला, मांचेस्टरकडच्या गिरण्या बंद पडल्या. कामावरच्या बाया घरी बसल्या.

"काहून? आपला कापूस नाई गेला?"

"गेला. तेव्हाच तर वऱ्हाडात पैसा आला. पण आपला आखूड धाग्याचा. त्यात माती, काडीकचरा. मागावर सारखा तुटायचा."

"पाणी मारून इकला असन," मैनाबाई म्हणाली. "वजनासाठी. आमचा सासरा बी मारे."

जानराव खाकरले.

"आता मालक काहून खाकरले बाप्पा?"

पंगत खो खो हसली. आशाही. तोंडापुढं हात धरला, हाताला दहीभात, सगळा गालाला लागला.

वेचणाऱ्यांतली पार्बता म्हणाली, "मंग त्या बायायनं आपल्याले शिव्या घातल्या असन."

"घातल्या तर. म्हणे प्रार्थनेतसुद्धा म्हणायच्या – देवा, कापूस पाठव, पण हिंदुस्थानचा नको."

पुन्हा हसणं. ते ओसरल्यावर आशा पानाला विचारल्यासारखं बोलली, "त्यायच्या पोरायनं खाल्लं काय मंग?"

"शनिवारी वाचणार आहे," मी म्हटलं.

प्रकरण लिहूनच झालेलं नव्हतं.

८ नोव्हेंबर

चार दिवस घरात कुणाकडे लक्ष दिलं नाही. आमटी दोनदा करपली.

आशा आली. दाराशी बसली, टकळी फिरवत. माणिकबाई माझ्याकडे बघतात, तिच्याकडे बघतात. मी वाचलं. गिरण्यांची धुरांडी थंड, आभाळ बऱ्याच वर्षांनी निळं. बायांनी आधी पांघरुणं विकली, मग भांडी. भाकरीसाठी रांगेत उभ्या, शाली तोंडावरून ओढलेल्या. इथं दिवेलागण झाली, थांबावं लागलं.

आशाची टकळी केव्हाच थांबली होती. जाताना चपला फार सावकाश घातल्या.

१५ नोव्हेंबर

विलायती कापडाच्या दुकानांवर निरोधन करताना, गिऱ्हाइकांना दारात अडवताना, पोलिसांनी आशाला धरलं. आज सहा महिन्यांची शिक्षा झाली. लॉरीत चढताना गर्दीवरून मला ओरडून म्हणाली, "जमने, त्यायच्या चुली पेटल्या का नाई, थे मी आल्याबिगर वाचू नको!"

मंडळात बाया जमल्या होत्या. सांगितलं, वाचन बंद – आशाचं म्हणणं आहे.