उघड्या नळीवर बोलू नये

ती. सौ. वहिनींना,

सादर नमस्कार. सात आठवड्यांत ज्या मुलीने तुमची साधी विचारपूस केली नाही, तिने एकदम पानेच्या पाने लिहावीत हा शुद्ध आगाऊपणा आहे. तो कृपया पोटात घालावा. तुमचा उजवा गुडघा कसा आहे? शिवणशाळेतल्या मशीनचे पायडल जड आहे, असे शेजारच्या काकूंकडून कळले. (काकूंना तुम्ही कळवता आणि मला नाही, ही तक्रार नव्हे. नुसती नोंद आहे.) इकडे सर्व क्षेम, असे लिहायची रीत आहे म्हणून लिहिते.

खरी गोष्ट अशी, की तुम्ही गेल्यापासून माझे प्रथिन चिकटेनासे झाले. रोज संध्याकाळी मी चपला काढायच्या आत तुम्ही विचारायचात, "काय गं मौनीबाई, चिकटलं का आज तुझं ते?" आता कोणी विचारत नाही. दादा विचारतो, पण किल्ली कुठे आहे एवढेच.

तुम्हाला आठवत असेल. एचआयव्हीच्या आरएनएचा धागा स्वतःवरच दुमडतो, त्या दुमडीत एके ठिकाणी फुगवटा येतो आणि फुगवट्याच्या खाचेत विषाणूचे एक प्रथिन नेमके जाऊन बसते. हे सांगायला मी तीन आकृत्या काढल्या होत्या. तुम्ही रिळाचा दोरा बोटांवर दुमडलात, मध्ये थोडा सैल सोडलात, त्यात हूक अडकवलात आणि म्हणालात, "एवढंच ना?" (एवढेच होते. माझ्या प्रबंधाची पहिली चाळीस पाने त्यावर आहेत.) पेशीच्या केंद्रकात असे धागे कापून पुन्हा जोडतात, पण हे प्रथिन काही धागे न कापताच बाहेर पोचवते, हे ऐकून तर तुम्ही टाळीच वाजवलीत: "म्हणजे शिंप्याच्या दुकानातून अख्खा तागा पळवणारा चोर!" ही जोडी जुळू न देणारे औषध शोधणे हे आमच्या प्रयोगशाळेचे ध्येय, पण त्यासाठी आधी ती नीट जुळते हे दाखवावे लागते. तेच होईना.

जेलच्या, म्हणजे घट्ट खळीसारख्या पदार्थाच्या, लादीतून वीज सोडली की मोकळा आरएनए झरझर खाली धावतो, आणि ज्याच्यावर प्रथिन बसले आहे तो मागे रेंगाळतो. माझ्या लादीत मागे कोणीच रेंगाळत नव्हते. तळाशी नुसता धुरकट फराटा, म्हणजे आरएनएचे आधीच तुकडे झालेले. ही वस्तू फार नाजूक प्रकृतीची. हाताच्या घामात आणि थुंकीत तिचा फडशा पाडणारी विकरे असतात. म्हणून हातमोजे घालायचे आणि उघड्या नळीवर बोलायचे नाही. (हा दुसरा नियम वाचूनच मी या विषयाला प्रवेश घेतला, असे तुम्ही येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचात. ते खरे आहे.) मी पाणी बदलले, हातमोज्यांची चार खोकी संपवली, आणि शेवटी सर्व दोष प्रथिनावर ठेवणारा तीन पानी अहवाल प्रमुख बाईंना सादर केला.

बाईंनी तो वाचला आणि काचेची भांडी धुणाऱ्या मामांना विचारले, "ही काम करताना नेमकं काय करते हो?" मामा सरळ माणूस. म्हणाले, "काही नाही बाई, नळीशी बोलते. काल सांगत होती की दादानं परत दूध उतू घालवलं."

वहिनी, धरणीने पोटात घ्यावे असे मला वाटले. पण ते खरे होते. दिवसभरात तुम्हाला सांगण्यासारखे जे जे साठायचे, ते मी नळीत वाकून पुटपुटत होते आणि मला त्याचा पत्ताही नव्हता. (बडबड्यांना आमच्याकडे मुखपट्टी देतात. मला ती द्यावी असे आजवर कोणाला सुचलेच नव्हते.) खात्री करायची म्हणून बाईंनी दोन नळ्या पुढे ठेवल्या. "ही गप्प राहून भर. हिच्यावर बोल." आता हुकमावर बोलायचे म्हणजे माझी दातखीळ! घाबरून मी मूलद्रव्ये म्हणू लागले; जस्तापर्यंत पोचले आणि पुढचे आठवेना. तेव्हा तोंडातून निघाले ते असे: "वहिनी, त्या दिवशी मी बोलायला हवं होतं."

बाई आणि मामा दोघेही खिडकीबाहेर पाहू लागले. बाहेर फक्त सायकलींचे छप्पर आहे.

तो दिवस तुम्हीही विसरला नसाल. परगावच्या शिवणशाळेत जागा मिळाल्याचे पत्र आले होते, दादा म्हणत होता, "घरचं मशीन काय वाईट आहे?" आणि तुम्ही माझ्याकडे वळून म्हणालात, "तू सांग गं, तू शिकलेली आहेस." मी पुस्तकाचे पान उलटले. मग तेच पान परत उलटले. तुम्ही "बरं" म्हणालात आणि कपाटावरची बॅग काढलीत. तुमचे बरोबर होते, वहिनी. मला तेव्हाही ते माहीत होते.

जिच्यावर बोलले, त्या नळीतला आरएनए पार भुगा झाला. गप्प राहून भरलेल्या नळीत प्रथिन असे ठाम बसले, की लादीवर वरच्या बाजूला एक काळी, रेखीव रेघ उमटली. बाईंनी पाठ थोपटली आणि म्हणाल्या, "ज्यांच्याशी बोलायचंय त्यांच्याशी बोल, बाई. माझा आरएनए महाग आहे." म्हणून हे पत्र.

चिकटले, एवढेच सांगायचे होते. यापलीकडे माझे काहीही मागणे नाही.

तुमची,
मौनीबाई

ता. क. तुम्ही परत यावे असे मी सुचवत नाही. शिवणशाळा सोडू नका. तुमच्या मशीनवरचे आच्छादन मी दर रविवारी झटकते, ते केवळ धूळ असते म्हणून.

दुसरा ता. क. वरील खोटे आहे. धूळ नसते.

तिसरा ता. क. काल जेवताना मी दादाला म्हणाले, "वहिनींचं बरोबर होतं, आणि मी गप्प बसले." त्याने घास खाली ठेवला. म्हणाला, "मग मला का नाही सांगितलंस?" या रविवारी सकाळी दहाच्या गाडीने तो तिकडे येतो आहे, त्याला तुमची शाळा पाहायची आहे. शर्टाचे बटण त्याने स्वतः लावले आहे, काळ्या दोऱ्याने, पांढऱ्या शर्टावर. कृपया घरी असावे आणि हसू नये. "तिला यातलं काही बोलू नकोस," असे त्याने मला बजावले आहे. मी बोललेले नाही.

पेटीत टाकले: बुधवार, १४ मार्च २०१८, दुपारी ४ वाजून १० मिनिटे.