गुरुवारच्या भाकऱ्या

प्रिय अण्णा,

तुम्हाला जाऊन तीन वर्षं झाली आणि एवढ्या काळात मी तुम्हाला एक ओळ लिहिली नाही. आज लिहितोय, कारण आज दिवसभरात मी शाळेच्या गणवेशाचा एकच शर्ट शिवला, तोही डावी बाही उजवीकडं लावून!

हसू नका. सुजाता चार दिवसांपूर्वी वैरागला माहेरी गेली. शुक्रवार पेठेत एक गाळा घ्यायचं चाललंय आमचं. निम्मे पैसे तिच्या शिलाईचे, निम्मे माझ्या पगारातले. कागदावर मात्र मी माझं एकट्याचं नाव घातलं. माझं का नाही, असं तिनं विचारलं. मी म्हणालो, "तू तर घरातच बसलेली असतेस." ती भांडली नाही. मशीनवरचं कापड माझ्यापुढं ठेवलं, "एक दिवस बसून बघा," म्हणाली आणि पिशवी भरली.

तर आज सुट्टी होती, बसलो. दुपारपर्यंत पाठीचा भुगा झाला, सुई दोनदा बोटात गेली. आणि तुमचा गुरुवार आठवला.

आख्ख्या वस्तीत असा गुरुवार कुणाच्या घरी नव्हता! सहा दिवस आई ज्वारीच्या कडक भाकऱ्या करायची आणि तुम्ही सायकलला टोपली बांधून विकायचात. गुरुवारी उलटं. तुम्ही चुलीपुढं, आई सायकलवर! विहारामागच्या कट्ट्यावरची माणसं तुम्हाला बायकोचा बैल म्हणायची. तुमच्या भाकऱ्या कडेला जाड, मध्ये पातळ, आणि कडक तर कधीच व्हायच्या नाहीत. गिऱ्हाइकं हातात घेऊनच विचारायची, "आज गुरुवार हाय वाटतं?" तरी आई टोपली रिकामी करूनच यायची, वर तुमच्यापेक्षा चार पैसे जास्त आणायची. मग भावही तिनंच ठरवायचा, असं तुम्ही सांगून टाकलंत. घर झालं तेव्हा कागदावर दोघांची नावं लागली, तिचं आधी.

मला लाज वाटायची, अण्णा. सातवीत असताना आई एकदा शाळेच्या फाटकाशी सायकलवरून आली. मी मित्रांना सांगितलं, आमच्या गल्लीतली कुणीतरी आहे. तिनं ते ऐकलं. तुम्हाला सांगितलं होतं का तिनं? तुम्ही कधी विषय काढला नाहीत. एक थोबाडीत तरी द्यायची होती की!

मला वाटायचं, तुम्ही जात्याच मऊ. आज संध्याकाळी तो शर्ट आईला दाखवला आणि सुजाता का गेली तेही सांगितलं. आई बाह्या उलटसुलट करत बसली. मग म्हणाली, "तुजा बापबी हेच बोलला हुता की. लग्नाला वरीस झालं नव्हतं. तू तर घरातच बसलेली असतीस, म्हनला. मी पिठाची परात त्याच्या म्होरं सरकवली अन् टोपली घेऊन निगाले. सायकल कुटं येत हुती मला? हातात धरून चालत गेले."

"मग?"

"मग काय. सांजंला आले तर त्याच्या दोनी हातांला फोड. म्हनला, आता दर गुरुवारी मीच करनार."

तुम्हीही हेच म्हणाला होतात! अगदी हेच वाक्य! अण्णा, चटका बसला की कुणीही शहाणा होतो, पण दुसऱ्या दिवशी विसरतो. तुम्ही सव्वीस वर्षं चुलीपुढं बसलात, घरी पाहुणे असले तरी, अंगात ताप असला तरी. बोलून गेलेल्या एका वाक्यापायी! एवढं कुठून आणलंत?

वकिलाला फोन करून झालाय. कागदावर सुजाताचं नाव आधी, माझं नंतर. उद्या पहिल्या एसटीनं वैरागला निघतो. परत यायचं की नाही, ते ती ठरवेल. शर्ट सोबत नेतोय, उसवलेला नाही.

ती आली तर आमचा वार सोमवार, माझ्या सुट्टीचा. ती शाळांकडं ऑर्डरी आणायला जाईल, मी मशीनवर बसेन. शब्द देतो अण्णा, एकही सोमवार चुकवणार नाही. बाह्या सरळ लागायला लागल्या, तरी बसेन.

तुमचाच,
मिलिंद